स्टोरबाबूंची पाच गाठोडी

त्यांच्या खिडकीपाशी जाऊन “दोन स्क्रू द्या” म्हटलं की ते कानावर पडलंच नाही असं दाखवत. कानामागची पेन्सिल काढत, तिचं टोक न्याहाळत, परत कानामागे खोचत. आपण पुन्हा तेच म्हणालो की मग बोलत, “काय पाहिजे ते नका सांगू. काय बंद पडलंय ते सांगा.”

“अहो, कॉम्प्युटरचं झाकण लावायचंय.”

“मग असं बोला ना! झाकणाचं गाठोडं.”

आतून एक पुडी येई. सराफ्यातल्या सोनारानं नथ बांधून द्यावी तशी नीट घडीची. आत चार स्क्रू, एक जास्तीचा वॉशर आणि एक चिठ्ठी: ‘पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) नसल्यास खुंटी दोनवर.’ मला दोन हवे असताना ह्या माणसानं चार का दिले, असं पुटपुटत मी टेबलाशी जाई, आणि झाकण लावताना कळे की भोकं चारच आहेत. बाकीचे दोन स्क्रू मी कधी सांडले ते मलाच माहीत नव्हतं. एखादा माणूस आपल्यापेक्षा आपली गरज जास्त ओळखतो हे कळल्यावर त्याच्याविषयी आदर वाटायला हवा. मला राग येई.

सगळे त्यांना स्टोरबाबू म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. तीस वर्षं ते इंदूरच्या एका कापडमिलच्या स्टोरमध्ये होते, सुट्या भागांच्या. मिल बंद पडली, माग भंगारात गेले, चिमणी तेवढी उभी राहिली. मिलच्या पुढच्या बाजूला कापडाचं दुकान असे, त्या जागेत आमचं कॉम्प्युटरचं ऑफिस आलं. आमचे मालक माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्यांना सगळे ‘भिया’च, म्हणजे इंदुरी भैयाच म्हणत, म्हणून मीही. जुन्या घराबरोबर मांजर येतं तसे त्या जागेबरोबर स्टोरबाबू आले. कार्डं, केबली, जुन्या डिस्क सांभाळायला कोणीतरी हवंच होतं.

आता माझ्याविषयी. मी तेव्हा चौतीस वर्षांची, एका मुलाची आई आणि जगातली सर्वांत हुशार बाई होते. मुलाला आईकडे ठेवून पुण्यात अकरा महिन्यांचा कोर्स करून आले होते. जन्म इंदूरचा, शाळा इंदूरची, पण परत आल्यावर पोह्यांवर सेव पाहिली की म्हणायची, “आमच्याकडे असं नसतं.” आमच्याकडे म्हणजे कुठे, तर जिथे मी एका खोलीत स्टोव्हवर भात लावून खाल्ला तिथे! टेबलावर ‘सिस्टम इंजिनिअर’ अशी पाटी ठेवली होती. ती मीच करून आणली होती, हे माझ्या नातीला अजून सांगितलेलं नाही.

स्टोरबाबूंना माझी पाटी फार आवडे. रोज सकाळी तिच्याकडे बघून म्हणत, “इंजिनिअर आल्या का? मग मशीन बंद पडायला हरकत नाही.”

त्यांच्याही खोडी कमी नव्हत्या. पोहे खाताना सेवेची पुडी वेगळी ठेवत आणि प्रत्येक घासावर चिमटीनं घालत. “आधी मिसळलं की सेव मरते, ताई.” ‘असेल’ हा शब्द त्यांना चालत नसे. केबल आहे का विचारलं आणि आपणच म्हणालो, “असेल ना?” की खिडकी बंद. “असेल म्हणजे काय? आहे नाही तर नाही. असेलवर मिल नाही चालत.”

“मिल तशीही चालत नाहीये,” मी एकदा म्हणाले. चौतिसाव्या वर्षी मी असले विनोद करत असे.

ते हसले. “हाव, नाहीच चालत. तिथे पण कोणीतरी असेलच म्हणालं होतं.”

एकदा त्यांना ताप आला आणि स्टोरची किल्ली त्यांच्याकडे राहिली. भियानं मला त्यांच्या घरी पाठवलं, मिलच्या क्वार्टरमध्ये. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बसवून घेतलं. पोहे करायला लागल्या. मी मदत म्हणून विचारलं, “मोहरी कुठल्या डब्यात?”

“ते कढईत काय आहे त्यावर आहे बाई,” काकू म्हणाल्या. “मिल बंद झाली ना, तर ह्यांनी स्टोर माझ्या ओट्यावर उघडलं. हा बघ पोह्यांचा डबा. त्यात बडीशेप, वरून भुरभुरायचं जिरावण, पोह्यांचं जे जे ते सगळं. हा कढीचा. हा लोणच्याचा. डबे पदार्थाचे, मसाल्याचे नाहीत.”

“मग हळद? ती तर सगळ्यांनाच लागते.”

“म्हणून ती शेगडीजवळ. हळद, मोहरी, हिंग. सगळ्यांना लागतं ते हाताशी, आणि एकाच जागी. मी एकदा सोयीसाठी थोडी हळद कढीच्या डब्यात पण ठेवली, तर दोन दिवस बोलले नाहीत. म्हणे एकीला कीड लागली तर दुसरी खाऊन लोक म्हणतील हळद चांगली आहे.”

आतल्या खोलीतून तापातला आवाज आला, “मीठ विसरलीस! मीठ पण शेगडीजवळ, ते सांग ताईंना!”

मी हे सगळं ऐकलं, दोन वेळा पोहे घेतले, किल्ली घेतली आणि काहीही न शिकता परत आले. शिकले असते तर हातोदची फजिती वाचली असती.

हातोद इंदूरच्या पश्चिमेला. तिथल्या मंडीत सहा कॉम्प्युटर लावायचे होते. शेतकऱ्यानं ट्रॉली घेऊन आत येताच इंदूरचा आणि आजूबाजूच्या मंड्यांचा भाव पडद्यावर बघावा आणि मग ठरवावं, माल इथे विकायचा की पुढे न्यायचा. मशीनं कुठल्या कुठल्या ऑफिसांनी टाकून दिलेली, एका घरच्या सुना वाटणार नाहीत अशी. त्यांच्यावर आम्ही लिनक्स घालणार होतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा. फुकट मिळणारी, उघडून बघता येणारी. तिचा गाभा लहान असतो. त्याला कर्नल म्हणतात. डिस्क ओळखणारा, नेटवर्कचं कार्ड ओळखणारा, प्रिंटर चालवणारा असे तुकडे त्याच्या बाहेर असतात, ती मॉड्यूल. ज्या मशीनला जे लागेल ते जोडायचं.

अडचण एवढीच की त्या मशीनांना सीडी लावायची सोय नव्हती. होती फक्त फ्लॉपीची खाच. आणि एका फ्लॉपीत, माझी नात म्हणते, तिच्या फोनमधला एक फोटोही मावणार नाही. म्हणजे मॉड्यूलं चार-पाच फ्लॉप्यांवर वाटायची. वर मंडीची अट: दर वेळी तुम्ही धावत येणार नाही, तेव्हा आमचा माणूस एकट्यानं फ्लॉप्या घालून मशीन उभं करू शकला पाहिजे. ते जमलं तर पुढच्या गावांचं काम आमचं.

वाटणी कशी करायची ह्यावर मी पाच मिनिटं विचार केला. जास्तच सांगितले, तीन. ए, बी, सी, डी! पहिलीत गाभा, दुसरीपासून मॉड्यूलं नावाच्या क्रमानं, एक भरली की पुढची. शेवटी उरलंसुरलं चौथीत, तिच्यावर लिहिलं ‘मिसलेनियस’. एकही कोपरा रिकामा नाही. भियाला दाखवलं तर तो खूश. “वा मैडम, एकदम फुल पैक!”

स्टोरबाबूंनी खिडकीतून बघितलं. “कोण कोणाबरोबर राहील ते नावावरून ठरवलं?”

“अक्षरांचा क्रम आहे, स्टोरबाबू. सगळ्या जगात चालतो.”

“टेलिफोनच्या पुस्तकात चालतो,” ते म्हणाले आणि पेन्सिलीचं टोक बघायला लागले.

हातोदला पत्र्याच्या शेडखाली सहा मशीनं मांडलेली, सोयाबीनच्या धुळीचा वास, आणि भोवती चाळीसएक शेतकरी. मंडीतले बाबूजी, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेले, खुर्चीवर बसले. पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर अक्षरं धावली. लोक “ओ हो” म्हणाले. मशीननं दुसरी मागितली. बाबूजींनी घातली. मशीन खरखरलं आणि पुन्हा दुसरीच मागितली. काढली, फुंकली, घातली. पुन्हा दुसरी. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर तेच.

“कई मैडमजी,” बाबूजी माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, “यो तो अटकी ग्यो.”

मी पुढे झाले, घाम पुसला, इंग्रजीत चार शब्द बोलले. मशीनला इंग्रजी येत असूनही उपयोग झाला नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, “म्हारी भैंस भी असी ज करे. पेली बाल्टी में दूध, दूसरी में लात.”

झालं होतं असं: त्या फ्लॉप्या ज्या पद्धतीनं लिहिलेल्या होत्या ती वाचता येण्यासाठी एक मॉड्यूल लागतं. त्याचं नाव एफवरून. एफ म्हणून ते मी दुसऱ्या फ्लॉपीवर ठेवलेलं. म्हणजे दुसरी वाचायला जे लागतं ते दुसरीतच. ऑफिसात प्रत्येक वेळी चाललं, कारण माझ्या मशीनमध्ये ते आधीपासून होतं. हे मला परतीच्या वाटेवर जीपमध्ये कळलं. भिया पुढे बसून बोटांवर दिवस मोजत होता. मंडीनं पंधरा दिवस दिले होते. त्यानंतर ते दुसऱ्याला बोलावणार होते.

मी खिडकीपाशी गेले.

“काय बंद पडलं?” स्टोरबाबू म्हणाले.

“हातोद.”

“पूर्ण?”

मी सगळं सांगितलं. ते पेन्सिलीनं खिडकीच्या फळीवर रेघा ओढत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “किल्ली कपाटात ठेवली, कपाट लावलं, आणि कुलूप किती छान बसलं ते भियाला दाखवलं.” मी मान खाली घातली. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच असेल.

मग मला एक गोष्ट आठवली आणि लाज वाटली. भियानं त्यांना महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं: हातोद सुरू झालं की पुढचं सगळं सॉफ्टवेअरचं, सुटे भाग लागले तर बाजारातून आणू, स्टोर बंद. म्हणजे माझ्या फजितीनं ह्यांची नोकरी पंधरा दिवस वाढली होती, आणि मी तीच फजिती निस्तरायला त्यांनाच सांगत होते.

“स्टोरबाबू, पण हातोद चाललं तर तुमचं...”

“मालूम आहे.” त्यांनी खिडकी पूर्ण उघडली. “मिलमध्ये एक जॉबर होता, खात्याचा मुकादम. मागाचा पट्टा मुद्दाम ढिला ठेवून द्यायचा. माग थांबला की सगळे त्याला शोधत यायचे, त्याचा मान वाढायचा. मी त्याला पट्ट्याचं गाठोडं देणं बंद केलं होतं. आता मीच त्याच्यासारखं करू? बंद मशीनसमोर बसून मला जेवण नाही जात, ताई. आत या.”

नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मी त्या खिडकीच्या आत गेले.

त्यांनी सांगितलं, प्रत्येक मॉड्यूलची एक चिठ्ठी करायची. “नाव मागे लिहा, ते तुमच्या कामाचं. पुढे लिहा कुठली तक्रार आली की हा लागतो.” चिठ्ठ्या लिहिता लिहिता मला कळलं की निम्म्या मॉड्यूलांची मला फक्त नावं माहीत आहेत. तीन दिवस पुस्तकं चाळण्यात गेले. ते रोज विचारत, “हा कशाला?” मी म्हणे, “कार्डाचा असेल.” ते चिठ्ठी परत देत.

भिंतीवर मिलच्या वेळच्या खुंट्या होत्याच. एका गाठोड्याला एक खुंटी, तशा चिठ्ठ्या लागल्या. मग त्यांनी काकूंच्या डब्यातलं शिवायचं रीळ आणलं. एका मॉड्यूलला दुसरं लागत असेल तर दोघांत पांढरा दोरा. “आता बघा,” ते म्हणाले. “दोरा एका खुंटीतल्या खुंटीत राहिला तर उत्तम. दुसऱ्या खुंटीवर जात असेल तर एकाच बाजूनं जावा. दोन गाठोड्यांनी एकमेकींचा पदर धरला तर दोघी जागच्या हलत नाहीत.”

मी जन्मभर पुस्तकातून जे समजून घ्यायचा प्रयत्न करत होते ते भिंतीवर दोऱ्यांनी दिसत होतं. एका चिठ्ठीवर तर दोऱ्यांचं जाळंच झालं होतं. ८३९० नावाचं एक मॉड्यूल, नेटवर्कच्या अर्ध्या कार्डांना तेच लागायचं.

“ही हळद,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला ‘सिस्टम इंजिनिअर’ पाटीपेक्षा जास्त काहीतरी मिळालं.

शेवटी दहा-बारा चिठ्ठ्या उरल्या. “आणि ह्या?” त्यांनी विचारलं.

“त्या राहू द्या. इतर.”

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. कानामागे नाही, टेबलावर. “मिल बंद झाली तेव्हा फाटकावर यादी लावली होती. कातणारे इतके, विणणारे इतके, रंगवाले, जॉबर, कारकून. मी वरपासून वाचत गेलो. स्टोर कुठे नाही. परत वाचली. एकदम खाली होतं: इतर, एक.” त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्या पुढे ओढल्या. “तीस वर्षं माझ्या स्टोरमध्ये ‘इतर’ नावाची खुंटी कोणाला ठोकू नाही दिली मी. इतर म्हणजे ज्याचा विचार करायचा कंटाळा आला ते. आणि मलाच लावलं तिथे. आता भिया पण तेच करून राहिले. करू दे. पण ह्या चिठ्ठ्यांना नाही लावू देणार.”

त्या संध्याकाळी आम्ही त्या दहा-बारांचा एकेक करून विचार केला. त्यातल्या नऊ कार्डांच्या होत्या, जुन्या आणि क्वचित दिसणाऱ्या. “ह्यांचं वेगळं गाठोडं,” ते म्हणाले. “हे इतर नाही. हे क्वचित. दोन्हींत फरक आहे.” बाकीच्या आपापल्या घरी गेल्या.

अशी पाच गाठोडी झाली. पहिलं, उंबरा: गाभा आणि बाकीच्या फ्लॉप्या वाचायला जे लागेल ते. दुसरं डिस्कचं. तिसरं नेटवर्कच्या नेहमीच्या कार्डांचं, त्यातच ८३९०. चौथं क्वचित कार्डांचं, ‘आधी तीन, मग ही’ अशा सूचनेसकट. पाचवं प्रिंटर आणि मोडेमचं. कुठलीच फ्लॉपी भरलेली नव्हती. “फुल पैक करू नका,” ते म्हणाले, “नवीन सून आली तर तिला बसायला जागा पाहिजे.”

आणि लेबलं! लेबलांवर एकही मॉड्यूलचं नाव नाही. हिंदीत, मोठ्या अक्षरात: ‘चालू हुआ, पर डिस्क नहीं दिखी, तो यह.’ ‘डिस्क दिखी, पर दूसरी मशीन से बात नहीं हो रही, तो यह.’

आता तुम्हाला वाटेल मी सुधारले. छे! माझ्या डोक्यात किडा होता. चौथी लावण्याआधी तिसरी लावायची, हा बाबूजींना उगाच त्रास. म्हणून त्यांना न सांगता मी ८३९० ची एक प्रत चौथीतही टाकली. तेवढ्यात कर्नलची नवी आवृत्ती आली. त्यात आमच्या एका जुन्या डिस्कची अडचण दूर केली होती म्हणून ती घेणं भाग होतं. मी सगळ्या फ्लॉप्या नव्यानं लिहिल्या. चौथीतली कार्डांची मॉड्यूलं बदलली. चोरून ठेवलेली प्रत विसरले. नव्या गाभ्याला जुन्या आवृत्तीचा तुकडा चालत नाही. तो सरळ बाहेर फेकतो.

जायच्या आदल्या दिवशी ऑफिसात तपासणी. तिसरी ठीक, चौथीला मशीन म्हणालं, आवृत्ती जुळत नाही. स्टोरबाबू भिंतीकडे गेले, ८३९० ची चिठ्ठी बघितली, दोरे मोजले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, दुसरी हळद कुठे लपवली?”

मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “काकूला सांगतो. तिला बरं वाटेल, एकटीच नाही ती.” रात्रीच मी ती प्रत काढून चौथी पुन्हा लिहिली.

दुसऱ्या दिवशी हातोद. त्यांनी मला, भियाला आणि स्वतःला शेडपासून लांब, तोलकाट्याच्या पलीकडे उभं केलं. वर सांगितलं, पाठ करा तिकडे.

“अहो, बाबूजींना काही अडलं तर?” भिया कासावीस.

“अडलं तर लेबल चूक. आपण जवळ उभे राहिलो तर चाललं असं म्हणता नाही येणार. आपण गेल्यावर चाललं तर चाललं.”

म्हणून माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस मी पाठमोरी उभी राहून ऐकला. समोर एक बैल माझ्याकडे बघत होता. मागे फ्लॉपीची खरखर. बाबूजींचा आवाज, शाळेतल्या मुलासारखा मोठ्यानं वाचत: “चालू हुआ, पर डिस्क नहीं दिखी... हाँ, नी दिखी... तो यह.” खरखर. शांतता. मग “दिखी गी!” पहिलं मशीन. दुसरं. तिसऱ्याला वेळ लागला, भियानं माझा हात धरला, सोडला. चौथं. पाचवं.

सहावं अडलं.

“तीन लगाई,” बाबूजी वाचत होते, “फिर भी कार्ड नी दिख्यो...” भियानं मान वळवली, स्टोरबाबूंनी हातानं त्याची हनुवटी परत बैलाकडे केली. मालकाची हनुवटी! त्या मशीनमध्ये कुठल्या जन्मीचं कार्ड होतं कोण जाणे. आणि हो, आठ दिवसांपूर्वी क्वचितची फ्लॉपी काढून टाकू या, एक फ्लॉपी वाचेल, असं सुचवणारी महान इंजिनिअर कोण होती ते मी सांगत नाही.

“...तो यह.” खरखर. इतका वेळ खरखर की बैलसुद्धा कंटाळून बसला.

आणि मग शेडमधून एकच गलका उठला. “दिखी ग्यो! इंदोर को भाव दिखी ग्यो!” सहाच्या सहा. आम्ही वळलो तेव्हा लोक पडद्यांवर असे वाकले होते की बाबूजींचा फक्त चष्म्याचा दोरा दिसत होता. एका शेतकऱ्यानं भाव वाचला, शेजारच्याकडून पुन्हा वाचून घेतला, उतरवलेलं पोतं उचलून परत ट्रॉलीत टाकलं आणि कोणाशी एक शब्द न बोलता ट्रॅक्टर इंदूरच्या रस्त्याला लावला. स्टोरबाबू त्या ट्रॅक्टरकडे फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिले. मिल बंद झाल्यापासून त्यांच्या गाठोड्यानं सुरू झालेलं ते पहिलं चाक होतं.

बाबूजी गर्दीतून बाहेर आले. “यो बाँध्यो किने?”

भियानं माझ्याकडे बोट केलं. मी स्टोरबाबूंकडे केलं. आयुष्यात काही चांगली कामं मी केली आहेत, त्यातलं ते एक.

“तो सुनो सेठ,” बाबूजी भियाला म्हणाले, “आगे के गाँव में भी ये ही बाबूजी बाँधे, तो अपनी हाँ. नी तो नी. नई मशीन आवेगी तो म्हें इनके ज पूछाँगा.”

“अरे बिलकुल, ये तो हमारे...” भिया अडला. हातोद चाललं की काढायच्या माणसाला काय म्हणावं ते त्याला सुचेना. “ये तो हमारे स्टोर के हेड हैं.”

“हेड कोण?” स्टोरबाबू मराठीत म्हणाले. “स्टोरमध्ये मी एकटाच आहे.”

“आता नाही,” भिया म्हणाला. “मैडम तुमच्याकडे. चालेल?”

स्टोरबाबूंनी माझ्याकडे नीट बघितलं. “शिकतील,” ते म्हणाले. “हळू आहेत, पण शिकतील.” आणि मला, सिस्टम इंजिनिअरला, इतका आनंद झाला की मी मंडीतच पेढे शोधायला निघाले. पेढे नव्हते. गूळ वाटला.

त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काम केलं. मानपूरपर्यंतची गावं केली. नवी आवृत्ती आली की पुन्हा भिंत, पुन्हा दोरे. कुठला तुकडा गेला, कुठल्याचे दोन झाले, कोणाला नवा दोरा लागला. यादीत एक चिठ्ठी हलवायची तरी त्यांची सही लागे. भियानं एकदा घाईत स्वतःच बदल केला, तर दुसऱ्या दिवशी मालक खिडकीबाहेर उभे आणि आतून आवाज, “काय बंद पडलंय ते सांगा.”

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी एक गंमत केली. ती लिनक्स आवृत्ती बांधणारी मंडळी देशोदेशी पसरलेली; एकमेकांना न भेटता ई-मेलवर काम करणारी. त्यांना मी आमची वाटणी पाठवून दिली, कारणांसकट. तीन आठवडे त्यांच्यात वाद झाला. एकानं विचारलं, वाचणारा तुकडा पहिल्याच फ्लॉपीत का कोंबलात, जागा जाते. मी किल्लीचं आणि कपाटाचं लिहिलं. त्यावर त्यानं प्रश्न मागे घेतला. मग उत्तर आलं: तुमची वाटणी आम्ही घेतो आहोत. आभारांच्या यादीत घालायला बांधणाऱ्याचं नाव आणि संस्था कळवा.

मी खिडकीपाशी जाऊन वाचून दाखवलं. “संस्था काय लिहू? मी आपलं ‘सीनियर आर्किटेक्ट’ आणि आपल्या कंपनीचं नाव...”

“ते काय असतं? खोडा.” त्यांनी पेन्सिल काढली. “लिहा. स्टोर विभाग. मग मिलचं नाव. इंदूर.”

“पण स्टोरबाबू, मिल बंद आहे.”

“मिल बंद आहे. विद्या तिथली आहे ना? मग तिचं नाव नको लागायला?”

मी लिहिलं तसंच, आणि त्या मंडळींनी छापलं तसंच. वरच्या ओळीत एक परदेशी विद्यापीठ, खालच्या ओळीत एक प्रयोगशाळा, आणि मध्ये आमच्या मिलचा स्टोर विभाग. मी तो कागद छापून खिडकीतून आत दिला. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, मिलचं नाव दोनदा वाचलं, माल आल्यावर घेत तशी माझी सही घेतली आणि कागद भिंतीवर नेऊन टांगला.

त्या भिंतीवरची प्रत्येक खुंटी मला एव्हाना पाठ होती. ही ओळखीची नव्हती.

“ही कुठली खुंटी, स्टोरबाबू?”

“नवी आहे,” ते म्हणाले. “सकाळीच ठोकली.”